रूथबाईंची मुकी बैठक

रूथबाईंना फोनवर गाठायला गेलेला माणूस निम्म्या वेळा हात हलवत परत यायचा. लाइन चांगली असायची, दोष रूथबाईंच्या स्वभावाचा. "डॉक्टर आहेत का?" एवढंच विचारलं तरी त्या आधी गप्प व्हायच्या. डॉक्टर आहेत म्हणजे खोलीत आहेत की इमारतीत, आणि असले तरी या घडीला येऊ शकतील का, हे मनाशी पक्कं करायच्या आणि मग तोंड उघडायच्या. तोवर पलीकडचा 'हॅलो, हॅलो' करून, अरबीत काहीबाही पुटपुटून रिसीव्हर आपटून मोकळा. शेवटी आमच्या प्रसूतिगृहाच्या मालकांनी फोन उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. मला उत्तर द्यायला विचार करावा लागत नाही, ही माझी ख्याती तेव्हापासूनची.

मी कुवेतला आले तेव्हा तिथे अजून रुपये चालत होते. दिनार नंतर आले. आमचे हे शुवैखला एका जहाज एजंटाच्या ऑफिसात कारकून होते. मी मिरजेला नर्सिंग शिकलेली, घरी बसून करणार काय, म्हणून शहरातल्या एका लहानशा खाजगी प्रसूतिगृहात लागले. रूथबाई तिथे मुख्य सुईण होत्या. मूळच्या इंग्लंडच्या, पण ऐन तारुण्याची वर्षं त्यांनी फलस्तीनमध्ये, रामल्लाच्या आसपासच्या खेड्यांत बाळंतपणं करण्यात घालवली होती. तिथली घरंदारं उठली तशी माणसं कुवेतला आली आणि त्यांच्या मागोमाग या. उंच, काटकुळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. अंगात बाराही महिने राखाडी झगा. तोझ सुटला, म्हणजे ती आंधळी करणारी धूळ उठली, की झगा कुठला आणि आभाळ कुठलं हे कळायचं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "मला सिस्टर म्हणू नकोस. मॅडमही नको. माझं नाव रूथ आहे." मी रत्नागिरीकडची. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारली असती तर माझी जीभ झडली असती. मी म्हटलं, "रूथबाई म्हणते." त्यांनी संशयाने विचारलं, "बाई म्हणजे काय?" मी म्हटलं, "बाई म्हणजे बाई. भांडी घासणारीलाही म्हणतात आणि शाळेतल्या मास्तरणीलाही." त्या खूश झाल्या. राणी असो की मोलकरीण, दोघींना एकच हाक, हे त्यांना फार पटलं.

त्यांचं हे खूळ नव्हतं, धर्म होता. त्या क्वेकर होत्या. मी हा शब्दच पहिल्यांदा ऐकत होते. ख्रिस्ती खरे, पण यांच्यात पाद्री नाही, घंटा नाही, मेणबत्ती नाही, गाणं नाही. प्रत्येक माणसात देवाचा थोडा उजेड असतो, तो आपल्या आपण शोधायचा, मध्ये दलाल नको, असा सगळा हिशोब. खोटं बोलायचं नाही आणि शस्त्र हातात धरायचं नाही. रूथबाईंचा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात बंदूक धरायला नाही म्हणाला म्हणून तुरुंगात पडला होता आणि तिथून खोकला घेऊन आला तो त्यातच गेला. त्या हे सांगायच्या तेही एखाद्या पेशंटची हकीकत सांगावी तितक्या सरळ आवाजात.

एकदा एका मुलाच्या जन्माची साक्ष द्यायला त्यांना सरकारी कचेरीत बोलावलं. बरोबर मी होतेच. तिथल्या अधिकाऱ्याने कुठून तरी बायबल पैदा करून ठेवलं होतं. म्हणाला, "हात ठेवा आणि शपथ घ्या." रूथबाई म्हणाल्या, "मी शपथ घेत नाही." अधिकारी चमकला. खोटी साक्ष द्यायला आली की काय ही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. रूथबाईंनी नेहमीप्रमाणे खूप वेळ घेतला आणि त्यांच्या खेडवळ फलस्तिनी अरबीत म्हणाल्या, "आज शपथ घेऊन खरं बोलले, तर बाकीचे दिवस मी काय बोलते, असा प्रश्न तुम्हालाच पडेल." कोपऱ्यात एक म्हातारा कुवेती काही कामासाठी बसला होता. तरुणपणी मोती काढणाऱ्या गलबतावर नाखवा होता म्हणे. तो मोठ्याने हसला आणि अधिकाऱ्याला म्हणाला, "लिहून घे रे बाबा. ही बाई खोटं बोलायची म्हटली तरी तिला जमायचं नाही." साक्ष बिनशपथेची लिहून घेतली गेली.

या क्वेकरांची प्रार्थना शुक्रवारी सकाळी रूथबाईंच्या खोलीत व्हायची. अख्ख्या कुवेतमध्ये मला माहीत असलेले क्वेकर तीन. एक रूथबाई. दुसरी सलवा, रामल्लाची पोरगी, मुलींच्या सरकारी शाळेत शिक्षिका. तिला अक्षरओळख झाली तेव्हापासून रूथबाई ओळखत. तिसरे पॉलसाहेब, अहमदीला तेलाच्या कंपनीत इंजिनियर असलेले धिप्पाड अमेरिकन. हे तिघे भिंतीला खुर्च्या लावून तासभर मूग गिळून बसत. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर उठून दोन वाक्यं बोलायचं. नाही वाटलं तर नाही. शेवटी एकमेकांच्या हातात हात द्यायचा, की झाली प्रार्थना. मी कधी कधी मागे जाऊन बसे. खरं सांगायचं तर आधी मी नंतरच्या चहाबरोबर मिळणाऱ्या आल्याच्या बिस्किटांसाठी जात होते. पण आठवडाभर बाळंतिणींचा आरडाओरडा ऐकून कान किटलेले असत, तिथे ती शांतता मला हळूहळू आवडायला लागली.

आता रुकय्याचं सांगते. तिच्यावाचून रूथबाई पुऱ्या व्हायच्या नाहीत.

रुकय्या माझ्याच गावची, नात्याने लांबची बहीण. नवरा दाऊद शुवैखच्या एका गॅरेजात मेकॅनिक. सालमियाला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची, तीन मुलं. लहानपणी सांधे धरणाऱ्या तापाने तिच्या काळजाची झडप खराब केली होती, ते तिसऱ्या बाळंतपणात उघडकीला आलं. तेव्हा तिच्या फुप्फुसात पाणी भरलं, ओठ निळे पडले. रूथबाई तिला उशांना टेकवून बसवून रात्रंदिवस तिच्यापाशी होत्या. वाचली ती थोडक्यात. आमच्या मिसरी, म्हणजे इजिप्शियन डॉक्टरांनी दाऊदला समोर बसवून सांगितलं होतं, आता पुन्हा नको. सांगणं सोपं असतं. मूल अडीच-तीन वर्षांचं होतं न होतं तोच रुकय्याला पुन्हा दिवस गेले.

डॉक्टरांनी तपासलं, मोठ्या इस्पितळातल्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. दोघांचं मत एकच पडलं, की सातव्या महिन्यात काळजावर जो ताण येईल तो ही झेलायची नाही. आताच मोकळी केली तर धोका कमी. आईच्या जिवावर बेतलं असताना डॉक्टरांना तसं करता येत होतं. पण रुकय्याने हो म्हणायला हवं होतं, आणि रुकय्या हो म्हणेना की नाही म्हणेना.

दाऊदचं एकच पालुपद. "अल्लानं दिलाय, अल्ला बघेल." गावच्या ओळखीचे एक मौलवी होते, त्यांनी उलट सांगितलं की अजून चार महिने झाले नाहीत, गर्भात रूह आलेली नाही, आईचा जीव आधी. रुकय्या मला म्हणाली, "मौलवीसाहेबांनी वाट मोकली केली, आपा. पण चालायचा मनाच हाय, दुसऱ्या कोणाना नाय." आणि मग ती रूथबाईंसमोर जाऊन बसली.

इतक्या वर्षांत दोघींनाही बाजारी अरबी चांगली यायची, त्यातच त्यांचं चाले. इथे मी रुकय्याचं बोलणं तिच्या भाषेत लिहिते, कारण माझ्या कानात ते तसंच उरलंय.

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केला असता?" तिने विचारलं. "तुम्ही सांगाल तसा मी करीन."

रूथबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "ते मी नाही सांगणार."

"का?"

"तू मला फार मानतेस, रुकय्या. माझं उत्तर तुझ्या डोक्यावर बसेल. जगलीस तरी बसेल, मेलीस तरी बसेल."

रुकय्या उठून गेली. मला रूथबाईंचा असा राग आला की विचारू नका. दोन डॉक्टर सांगतात, मौलवी सांगतो, आणि ही बाई, जिच्या एका शब्दावर सगळं अडलंय, ती तोंड शिवून बसते. मी सरळ विचारलं, "तुमच्या पंथात गर्भ पाडणं पाप आहे की नाही, ते तरी सांगा."

"पंथाने ठरवलेलं नाही."

"मग कोण ठरवतं?"

"आमच्यात मतं मोजत नाहीत. सगळ्यांच्या मनाला एक गोष्ट पटली तर ती ठरली. यावर एकमत झालेलं नाही. काही जण म्हणतात, आपण युद्धात जीव घेत नाही, मग पोटातला कसा घ्यायचा. काही म्हणतात, उजेड बाईच्या आतही आहे, मग तिला काय दिसतं ते तिच्यासाठी दुसऱ्याने कसं पाहायचं. दोघेही प्रामाणिक आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी आजवर एकाही गर्भपातात मदत केलेली नाही. करणारही नाही. पण ते माझ्यापुरतं झालं. माझा नियम दुसऱ्या बाईच्या पोटावर ठेवायचा हक्क मला कुणी दिला?"

मी म्हटलं, "मग तिला असंच लोंबकळत ठेवायचं?" त्यावर त्यांनी सांगितलं की त्यांच्यात एक रीत आहे. कुणी पेचात सापडलं की तीन-चार जण त्याच्याबरोबर बसतात. सल्ला द्यायचा नाही, उपदेश करायचा नाही, आपल्या आत्याच्या नणंदेची गोष्ट सांगायची नाही. फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही ज्यांची उत्तरं आपल्याला खरोखर ठाऊक नाहीत असे. मधल्या वेळात गप्प बसायचं, म्हणजे त्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येतो. मला हसू आलं. चार बायका एका खोलीत आणि सल्ला नाही, हे आमच्या कोकणात मयतालाही घडत नाही. तसं मी म्हणालेही. पण रुकय्या म्हणाली, "बसूया."

म्हणून आम्ही सालमियाला तिच्या घरी बसलो. सकाळची वेळ होती, थोरली दोन शाळेत गेलेली, धाकटी आत झोपलेली. वारा यावा म्हणून दार अर्धवट उघडं ठेवलं होतं. चपला दाराबाहेर. जमिनीवर चटई घालून रूथबाई, सलवा आणि मी. रुकय्या दाराआडच्या कपाटाला पाठ टेकून. काही तरी प्रार्थनेसारखं चाललंय म्हणून मी आणि रुकय्याने डोक्यावर पदर घेतला होता. ते पाहून सलवानेही रुमाल घेतला, रूथबाईंनी शाल.

पहिला प्रश्न अर्थात माझा. "तीन पोरांचा विचार केलास का?"

रूथबाई हळूच म्हणाल्या, "हमीदा, हा प्रश्न आहे की सल्ला?"

मी गप्प बसले. आणखी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा माझ्याच लक्षात आलं की प्रश्नाचं सोंग घेऊन सल्लाच बाहेर पडतोय. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही सवय अशी जात नाही.

बऱ्याच वेळाने सलवाने विचारलं, "तुला भीती कशाची वाटते? मरणाची की पापाची?"

रुकय्या म्हणाली, "मरणाची नाय. पोरां कोणाच्या ताटात जेवतील, त्याची."

पुन्हा शांतता. मग रूथबाईंनी विचारलं, "पोटातल्या मुलाशी तू बोलतेस का?"

रुकय्याच्या डोळ्यांना धार लागली. "होय. भांडी घासताना बोलतंय. त्याना सांगतंय, तू आलास तर मी जाणार. मी तुना ठेवला तर मना नाय ठावं तू तरी राहशील काय." कुणी तिचे डोळे पुसले नाहीत. मला उठून तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं. रूथबाईंनी नुसती मान हलवून मला बसवलं. आणि आम्ही सगळ्या खाली माना घालून बसून राहिलो.

इथे जे घडलं ते आमच्याच लोकांत घडू शकतं.

खालच्या मजल्यावर सकीनाबी राहायच्या, आमच्याच कोकणातल्या. कोथिंबीर मागायला वर आल्या. बघतात तर दाराबाहेर परक्या चपला, दार अर्धं उघडं, आत चटईवर डोक्यावरून पदर घेऊन माना खाली घातलेल्या बायका, एक जण बोलत नाही, आणि रुकय्या कुठे दिसत नाही. ती दाराआड होती ना. भर सकाळी बायका अशा बसल्या की आमच्यात त्याचा अर्थ एकच. रुकय्याचं काळीज दुखरं, हे तर सगळ्या इमारतीला माहीत. सकीनाबी आत आल्याच नाहीत. मयताच्या घरात रिकाम्या हाताने कसं शिरायचं? त्या तशाच खाली उतरल्या, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फोनवरून शुवैखच्या गॅरेजला निरोप दिला की दाऊदला ताबडतोब घरी पाठवा. आणि मयताच्या घरची चूल पेटत नाही, म्हणून घरी येऊन खिचडीचं मोठं पातेलं चढवलं.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. आम्ही गप्प.

जिन्यात पावलं वाजली आणि दारात दाऊद. अंगात गॅरेजचे कपडे, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. आमच्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. तो रडत नव्हता. रडायचं कसं हे विसरल्यासारखा तो बघत होता. मला म्हणाला, "कधी गेली?"

दाराआडून रुकय्या म्हणाली, "कोण?"

दाऊदने मान वळवली. "तू जिती हायस?" म्हणाला, आणि तेव्हा रडायला लागला. काळे हात तोंडावर घेऊन लहान पोरासारखा रडला. तेवढ्यात सकीनाबी पातेलं घेऊन वर आल्या, रुकय्याला बसलेली पाहून किंचाळल्या, आणि खिचडी सांडता सांडता सलवाने वरच्या वर पातेलं धरलं.

काय करणार, सगळे जेवायला बसलो. खिचडी चांगली झाली होती. दाऊदने हात धुतले तरी नखांतलं काळं गेलं नव्हतं, त्या हातांनीच त्याने रुकय्याला वाढलं. यापूर्वी त्याला कधी वाढताना मी पाहिलं नव्हतं. जेवण होईपर्यंत कुणी मूळ विषय काढला नाही. मग रुकय्याच म्हणाली, "मी ह्यांचा तोंड बघितला. पोरांचा तोंड असाच होल. मना उत्तर गावला." दाऊदकडे वळून म्हणाली, "मी मोकली होणार." दाऊदने मान खाली घातली. "तुना वाटेल तसा कर," म्हणाला. अल्लाचं नाव त्याने त्या दिवशी घेतलं नाही. पण मला वाटतं, मनात तो त्याचेच आभार मानत होता.

परतताना मी रूथबाईंना म्हटलं, "तुमच्या बैठकीने नाही, सकीनाबीच्या खिचडीने ठरलं."

"हो," त्या म्हणाल्या. "ती गेली तर घर कसं दिसेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती. सकीनाबींनी ते दाखवूनच दिलं."

पण रुकय्याचं एक मागणं राहिलं होतं, आणि ते तिने दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहात माझ्यासमोर केलं. पूर्ण भूल देणं तिच्या काळजाला सोसणारं नव्हतं, म्हणून ती जागीच राहणार होती. ती रूथबाईंना म्हणाली, "तुम्ही आत याल? माझ्याजवल?"

त्या वेळी रूथबाई जितक्या गप्प राहिल्या तितकं गप्प मी त्यांना कधीच पाहिलं नाही. ज्या गोष्टीपासून ही बाई आयुष्यभर दूर राहिली, ज्या विश्वासापायी भाऊ गमावला त्यालाच धक्का देणारी ती गोष्ट. नाही म्हणाल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता. डॉक्टर स्वतः म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला यायची सक्ती नाही." रूथबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. रुकय्याला म्हणाल्या, "मी काही हातात देणार नाही, काही उचलणार नाही. पण मी येईन."

त्या आल्या. मी डॉक्टरांना अवजारं देत होते. रूथबाई रुकय्याच्या डोक्याशी स्टुलावर बसल्या, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि डोळे मिटले. काम फार वेळ चाललं नाही. रुकय्याची नाडी एकदा घसरली, पुन्हा सावरली. सगळं ठीक झालं. मी आवराआवर करून बाहेर आले तर रूथबाई मागच्या जिन्याच्या पायरीवर भर उन्हात बसल्या होत्या. मी चहा नेऊन दिला. मला त्यांची दया आली. म्हटलं, "तुम्ही यायला नको होतं."

"तिने बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. चहा तसाच निवला.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम गेले. पॉलसाहेबांच्या कानावर गोष्ट गेली होती, ती रूथबाईंनीच घातली होती. लपवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. अर्धा तास शांततेत गेला. मग पॉलसाहेब उठले. म्हणाले, "माझ्या मते एक जीव घेतला गेला, आणि आपल्यातलं एक माणूस तिथे हजर होतं. मला दुःख झालं आहे." आणि बसले. मला वाटलं, आता वाजणार. आमच्या जमातीत असतं तर तिघांच्या चार मशिदी झाल्या असत्या. सलवाचा चेहरा लाल झाला होता, पण ती बोलली नाही. रूथबाईंनी फक्त "ऐकलं" अशी मान हलवली. उरलेला अर्धा तास तसाच गेला. शेवटी हात द्यायची वेळ झाली तेव्हा पॉलसाहेब खोली ओलांडून आले आणि त्यांनी आपला हात रूथबाईंपुढे केला. त्यांचं मत बदललं नव्हतं. पुढे ते कधीच बदललं नाही. आणि पुढचा एकही शुक्रवार त्यांनी चुकवला नाही. मी पुष्कळ धर्मांची पुष्कळ माणसं पाहिली, पण पटत नसताना शेजारी बसणं मी या तिघांकडे पाहून शिकले. अजून पुरतं जमत नाही.

रुकय्या सावकाश बरी झाली. दमायची, जिना चढताना मध्ये थांबायची, पण पोरांच्या ताटांत वाढणारी तीच होती. रूथबाई महिन्यातून एकदा सालमियाला जाऊन तिची छाती ऐकून यायच्या. त्या दिवसाबद्दल दोघींत पुन्हा चकार शब्द निघाला नाही.

मग सदुसष्ट सालची ती जूनची लढाई झाली. सलवाचं रामल्ला गेलं, तिच्या घरच्यांचा पत्ता लागेना. पुन्हा माणसं उठली, पुन्हा तंबू लागले. रूथबाईंचं वय तेव्हा साठीच्या पुढे गेलेलं, गुडघे धरलेले. तरी त्यांनी नोकरी सोडली. अम्मानजवळच्या छावण्यांत बाळंतपणं करायला सुइणी हव्यात, म्हणाल्या. कुणी अडवायचं?

विमानतळावर पॉलसाहेबांनी त्यांना आपल्या गाडीतून आणलं. मी होते, सलवा होती, आणि दाऊद रुकय्याला घेऊन आला होता. आत जायची वेळ झाली तशी रुकय्या पुढे झाली. मला वाटलं, दुवा देईल. तिने त्यांच्या झग्याची बाही धरली आणि विचारलं, "आता तरी सांगा. माझ्या जागी तुम्ही असता तर?"

या वेळी रूथबाईंनी फार वेळ घेतला नाही.

"मी ते मूल ठेवलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि बहुतेक मेले असते. ते बरोबर झालं असतं, असं मी म्हणत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

मी रुकय्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी, जायच्या घडीला, या बाईने खरं बोलायलाच हवं होतं का? पण रुकय्याचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"मना ठावं होता," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्या दिशीपासून. तुमचा हात सगला वेल थरथरत होता. मना वाटला, आता सोडतील, मग सोडतील." तिने बाही सोडली. "तुम्ही सोडला नाय."

रूथबाईंनी बॅग खाली ठेवली. त्यांनी वाकून रुकय्याच्या कपाळावर ओठ टेकले, बॅग उचलली आणि निघाल्या. तेव्हा विमानापर्यंत उन्हातून बरंच चालावं लागे. कठड्याशी उभ्या राहून आम्ही बघत होतो. लंगडत लंगडत राखाडी झगा लहान होत गेला. जिन्याच्या पहिल्या पायरीशी त्या थांबल्या, तिथेच वळल्या आणि रुकय्याच्या दिशेने बघत उभ्या राहिल्या. मागची माणसं खोळंबली, बाजूने पुढे गेली, तरी त्या उभ्याच होत्या. शेवटी विमानातला माणूस खाली उतरला आणि हाताला धरून त्यांना वर घेऊन गेला.